तिसऱ्या प्रकरणातली छत्री

नेलिदाबाईंबरोबर लिफ्टमध्ये शिरू नये, असा आमच्या इमारतीत एक अलिखित नियम आहे. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची, जेमतेम दोन माणसांची. पाचव्या मजल्यापर्यंत ती अशी कण्हत कुंथत चढते की तेवढ्यात नेलिदाबाईंचं एक अख्खं प्रकरण सांगून होतं. प्रकरण त्यांचं नव्हे, त्यांच्या मुलीच्या पुस्तकातलं.

"ऊगो, वाचलंस ना रे?"

"वाचलं, नेलिदाबाई. दोनदा."

"मग सांग, माणूस छत्री का विसरतो?"

"पाऊस थांबतो म्हणून."

"नापास!" असं म्हणून त्या दार सरकवतात आणि उतरता उतरता बजावतात, "तिसरं प्रकरण परत वाच."

आता मनाबद्दल बोलणं हे आमच्या गल्लीला काही नवं नाही. बुएनोस आयर्सच्या या भागात दर दुसऱ्या दारावर मनाच्या डॉक्टराची पितळी पाटी आहे. दुसऱ्या गावात लोक हवेबद्दल बोलतात, आम्ही बालपणाबद्दल बोलतो. आमचा खाटीक मटण तोडता तोडता सांगतो की धाकट्या भावाबद्दलचा राग आता कुठे त्याच्या लक्षात यायला लागलाय, आणि गिऱ्हाईक नेमकं तेव्हाच एक पाऊल मागे सरकतं. मी स्वतः दर गुरुवारी एका बाईंकडे जाऊन कोचावर आडवा होतो आणि माझ्या आईबद्दल बोलतो. आई जाऊन जमाना झाला, पण विषय संपत नाही. फेब्रुवारीत, म्हणजे आमच्या ऐन उन्हाळ्यात, हे सगळे डॉक्टर एकदम समुद्रावर सुट्टीला जातात, आणि महिनाभर शहर दाढ दुखत असल्यासारखं वागतं.

आणि कुणाची जीभ घसरली, कुणी नाव चुकलं, कुणी किल्ली विसरलं, की आमच्याकडे आजूबाजूचे सगळे एका सुरात ओरडतात, "निसटलं!" म्हणजे मनातलं खरं बाहेर निसटलं. माझ्या भाच्याच्या लग्नात नवरदेवाने प्याला उंचावला आणि "माझ्या सुंदर बायकोसाठी" म्हणायच्या ऐवजी "माझ्या सुंदर आईसाठी" म्हणाला. सगळा मांडव "निसटलं!" म्हणून हसला. हसली नाही ती फक्त नवरी. आई मात्र नको तितकी हसली.

तर अशा गावात नेलिदा ब्रांकाती या बाईंनी जन्मभर केस कापले. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. घोड्याच्या नालासारखा वळलेला आरसा, दोन खुर्च्या, आणि डोक्यावर घंटेसारखं उतरणारं केस वाळवायचं यंत्र. बायका त्या घंटेखाली बसायच्या, त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू यायचा नाही, म्हणून मोठमोठ्याने बोलायच्या. त्यामुळे गल्लीत कुणाचं काय चाललंय हे माझ्या वरच्या मजल्यावरही पोचायचं. मुलगी आनालिया तिथेच फरशीवर बसून गृहपाठ करायची. पुढे ती मानसशास्त्र शिकली याचं कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. नेलिदाबाई म्हणायच्या, "एवढाच फरक. माझ्याकडे बायका बसून बोलायच्या, तिच्याकडे आडव्या पडून बोलतात. पण माझ्याकडून जाताना निदान केस तरी नीट झालेले असायचे."

ज्या उन्हाळ्यात बँकांनी लोकांचे पैसे अडकवून दारं लावून घेतली आणि बायका पातेली बडवत रस्त्यावर आल्या, त्या उन्हाळ्यात आनालिया बार्सिलोनाला गेली. त्या वर्षी निम्मी तरुण पोरं गेली. एसेइसा विमानतळावर तेव्हा इतकी रडारड चालायची की पुसणाऱ्या बाईला फरशी कशाने ओली झालीय ते कळेना. नेलिदाबाई रडल्या नाहीत. घरी आल्या, दार उघडलं आणि दारामागे त्यांना आनालियाची छत्री दिसली. काळी, लाकडी मुठीची. मुलगी तिकडच्या ऐन हिवाळ्यात गेली आणि छत्री इथे. तेव्हा त्या रडल्या. नवरा ओसवाल्दो बस चालवायचा, साधा माणूस. तो म्हणाला, "अगं पोस्टाने पाठवू." नेलिदाबाई म्हणाल्या, "हात लावशील तर याद राख."

मग आनालिया वर्ष-दोन वर्षांनी यायची आणि दर खेपेला काही ना काही विसरून जायची. एक डाव्या हाताचा मोजा. पोहायचा पोशाख. निळं स्वेटर. अर्धी वाचलेली कादंबरी, पान दुमडलेलं. पुढे तर एका फोनची वायर, ज्या जातीचा फोन आता जगात उरलेला नाही. नेलिदाबाईंनी दुकान बंद केलं, ओसवाल्दो गेला, पण रोलर आणि पिना ठेवायचं आरशाशेजारचं फळकूट त्यांनी रिकामं करून घेतलं आणि या वस्तू त्यावर ओळीने मांडल्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "आनालियाचं आहे. येईल तेव्हा नेईल." ती यायची. न्यायची मात्र नाही. उलट भर घालून जायची.

आणि मग ते पुस्तक आलं. 'छत्री मुद्दामच राहते'. रोजच्या जगण्यातल्या चुकांमागे मन काय करत असतं, ते साध्या भाषेत सांगणारं. तिसऱ्या प्रकरणाची सुरुवातच अशी: "माझ्या आईच्या घरी दारामागे माझी एक छत्री आहे. जिथे परत यावंसं वाटतं, तिथेच माणूस वस्तू विसरतो."

नेलिदाबाईंनी हे वाक्य उभ्यानेच वाचलं असणार, कारण त्या तशाच पुस्तक हातात घेऊन, पायात घरातल्या सपाता, माझ्या दारात आल्या. "छापलंय," एवढंच म्हणाल्या. मी चष्मा शोधायला लागलो तर म्हणाल्या, "राहू दे, मी वाचून दाखवते." आणि वाचून दाखवलं. मग आणखी एकदा दाखवलं. इतकी वर्षं ज्या फळकुटावर ती बाई मनातल्या मनात विसंबली होती, त्यावर आता शास्त्राचा शिक्का बसला होता. आणि शिक्का मारणारी दुसरीतिसरी कुणी नव्हती, पोटची पोर होती.

मग काय विचारता! खाटकाने एक प्रत घेतली. औषधवाल्याने घेतली. इमारतीतल्या मनाच्या डॉक्टरांनाही घ्यावी लागली, आणि ते गृहस्थ त्यानंतर जिन्याने जाऊ लागले. दर शनिवारी नेलिदाबाई चांगला कोट घालून कोर्रिएंतेस रस्त्यावरच्या एका मोठ्या पुस्तकांच्या दुकानात जायच्या. तिथे आनालियाचं पुस्तक आत मागच्या बाजूला, मधुमेह्यांच्या पाककृतींच्या शेजारी होतं. नेलिदाबाई त्यातल्या चार प्रती उचलायच्या आणि दारातल्या टेबलावर, सगळ्यांत वर, मांडून यायच्या. सोमवारी दुकानातला रामिरो त्या परत मागे नेऊन ठेवायचा. शनिवारी बाई पुन्हा हजर. एकदा मी सोबत होतो.

"बाई, तुम्ही ज्याच्यावर ठेवताय ना, ते माजी मंत्र्यांच्या आठवणींचं पुस्तक आहे हो," रामिरो काकुळतीला येऊन म्हणाला.

"त्यांची आई आली होती का शनिवारी?"

"नाही..."

"मग?"

रामिरोने चौथी प्रत स्वतःच उचलून वर ठेवली. माजी मंत्री त्याखाली दिसेनासे झाले.

गेल्या एप्रिलमध्ये पुस्तक मेळ्यात आनालियाचं भाषण ठेवलं होतं, त्यासाठी ती आली. नेलिदाबाईंनी आठ दिवस आधीपासून राविओली, म्हणजे सारण भरलेले पास्त्याचे चौकोन, लाटून ठेवल्या होत्या. मेळ्याच्या त्या सभागृहात आम्ही पहिल्या रांगेत बसलो. बाईंनी स्वतःचे केस स्वतःच फुगवले होते, त्यामुळे दुसऱ्या रांगेतल्या माणसाने जागा बदलून घेतली. भाषण झकास झालं. लोक हसले, गप्प झाले, पुन्हा हसले. मग प्रश्न विचारायला सांगितलं तर पहिला हात नेलिदाबाईंचा.

"विचारा," सूत्रसंचालक म्हणाले.

"मी लेखिकेची आई."

"वा! आणि प्रश्न?"

"प्रश्न नाही. सांगून ठेवलं."

टाळ्या झाल्या. आनालियाने वर व्यासपीठावर तोंड लपवलं, पण ती हसत होती. मग मागून कुणीतरी विचारलं, इथे किती दिवस मुक्काम आहे? आनालिया पाणी पिता पिता सहज म्हणाली, "फार नाही. रविवारी घरी जातेय."

सभागृहात तीनेकशे माणसं होती. सगळी आमच्या गावची, म्हणजे निसटलेलं टिपण्यात वाघ. पण कुणी ओरडलं नाही. कुणाला काही कळलंच नाही. माझ्या शेजारी मात्र फुगवलेले केस किंचित हलले. नेलिदाबाईंनी माझा हात धरला आणि अगदी हळू, जणू स्वतःलाच, म्हणाल्या, "निसटलं."

"काय निसटलं?"

"घरी म्हणाली."

"अहो, म्हणजे... तिथे तिचं घर आहेच की. नवरा आहे, कुंड्या आहेत."

"इतकी वर्षं ती 'तिकडे जाते' म्हणायची. 'घरी येते' म्हणायची ते इकडे."

मी म्हटलं, भाषणाचा शीण असतो, पाणी पिताना माणूस काहीही बोलतो. बाई म्हणाल्या, "पाणी पितानाच बोलतो. प्रकरण पाचवं." आता त्या पुस्तकाने माझी सगळीकडून कोंडी केली होती.

शनिवारी मी उसनं आणलेलं पीठ परत करायला खाली गेलो तर आरशाच्या खोलीत आनालिया बॅग भरत बसलेली. फळकूट रिकामं होतं. मोजा, पोशाख, कादंबरी, सगळं बॅगेत. छत्री बॅगेच्या कडेला आडवी बांधलेली.

"बघ ना ऊगोकाका, किती साठवलंय आईने! हिला जागा नाही पाय ठेवायला. म्हटलं, या खेपेला सगळं घेऊनच जाते. हे एक ओझं कमी तुझं, आई."

"मला कुठे ओझं होतं," नेलिदाबाई म्हणाल्या.

"ही वायर तरी टाकून देऊ?"

"नको. ने. तुझी आहे."

आनालियाने वायरही भरली. चांगली पोर आहे हो ती, आईची काळजी असलेली. आईच्या घरातला पसारा आवरून देणाऱ्या मुलीला वाईट कोण म्हणेल? पण तिने जे प्रकरण लिहिलं होतं, ते ती स्वतःच्या हाताने घड्या घालून बॅगेत भरत होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्याच्या मनाचं पुस्तक लिहिणं सोपं असतं.

थोड्या वेळाने ती इकडे तिकडे बघायला लागली. "आई, निळं स्वेटर कुठे गेलं? आत्ता इथे होतं."

"असेल तिकडेच."

स्वेटर नेलिदाबाईंच्या उशीखाली सापडलं.

"आई! हे इथे कसं?"

"निसटलं असेल."

"आई, लपवणं म्हणजे विसरणं नव्हे."

"कुठल्या प्रकरणात आहे?"

आनालिया खळखळून हसली, तिने आईच्या गालाची पापी घेतली आणि स्वेटर बॅगेत टाकून चेन ओढली. ती चेन सरळ लागली. एरवी या बॅगांवर बसल्याशिवाय त्या लागत नाहीत.

रविवारी विमानतळावरून परत आलो. नेलिदाबाईंनी कोटसुद्धा काढला नाही. आधी दारामागे पाहिलं. मग पलंगाखाली. मला म्हणाल्या, "तू उंच आहेस, कपाटावर बघ." मी बघितलं. न्हाणीघरात शाम्पूची बाटली होती, ती त्यांचीच निघाली. कोचाच्या फटीत हात घातला तर ओसवाल्दोच्या काळातलं बसचं तिकीट मिळालं. खिडकीच्या कठड्यावर, फडताळात, पडद्यामागे, कुठेच काही नाही. शेवटी त्या आरशासमोरच्या खुर्चीत बसल्या.

"एक पिनसुद्धा नाही रे, ऊगो. केसाचीसुद्धा पिन नाही."

"नीटनेटकी झालीय हो. वय होतंय तिचंही."

"ती कधीच नीटनेटकी नव्हती. नीटनेटकी असती तर मला एवढी वर्षं आधार कशाचा होता?"

गल्लीत ही बातमी संध्याकाळपर्यंत पसरली, कारण मी ती खाटकाला सांगितली. खाटीक म्हणाला, नाळ आता तुटली, चांगली खूण आहे. औषधवाला म्हणाला, मुलीने भावना दाबून टाकल्यात, वाईट खूण आहे. माझ्या गुरुवारच्या बाईंना मी विचारलं तर त्या नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" या एका वाक्यावर त्या बाईंचं घर चालतं. मला काय वाटत होतं? खालच्या मजल्यावरून आता काहीच ऐकू येत नाही, एवढं वाटत होतं.

लिफ्टमध्ये मी मुद्दाम नेलिदाबाईंना गाठायला लागलो. त्या आकडे बदलताना बघत उभ्या राहायच्या. दुसऱ्या मजल्यावर मी स्वतःहून म्हणायचो, "तर छत्री का विसरतो माणूस?" त्या म्हणायच्या, "पाऊस थांबतो म्हणून," आणि उतरायच्या.

शनिवारचं जाणंही बंद झालं. एक दिवस कोर्रिएंतेस रस्त्यावर मी त्या दुकानापाशी थांबलो, तर रामिरो धावत बाहेर आला.

"आजी आजारी आहेत का हो?"

"नाही. का?"

"तीन शनिवार झाले, मंत्रीच वर आहेत."

त्याचा चेहरा असा उतरलेला की जणू त्याच्याच आईचं पुस्तक मागे पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. आनालियासाठी लाटलेल्यातल्या राविओली फ्रीजरमध्ये उरल्या होत्या, त्या संपवायला नेलिदाबाईंनी मला बोलावलं. आम्ही खात होतो, तेवढ्यात फोन वाजला. आनालियाचा. बाईंनी फोन चीजच्या वाडग्याला टेकवून उभा केला. पडद्यावर आनालियाचं बार्सिलोनाचं स्वयंपाकघर दिसत होतं, मागे कुंड्या. छत्री कुठे दिसते का ते मी बघत होतो. दिसली नाही.

"काय खाताय? राविओली? माझ्याशिवाय?"

"तुझ्याच उरल्यात. ऊगोला घालतेय. याच्या पोटात काहीही जातं."

"आई, एक सांग," आनालिया इकडे तिकडे बघत म्हणाली, "माझा वाचायचा चष्मा तिथे राहिलाय का गं? सकाळपासून शोधतेय. घर पालथं घातलं. तिथेच राहिला असणार, नाही का?"

चष्मा तिच्या डोक्यावर होता. केसांत सरकवलेला, लाल काड्यांचा, खिडकीच्या उजेडात चक्क चकाकत होता.

मी तोंड उघडलं. टेबलाखालून माझ्या नडगीवर अशी लाथ बसली की ते उघडंच राहिलं.

"हो," नेलिदाबाई म्हणाल्या. "इथेच आहे. टेबलावर."

टेबलावर पाव होता, चीज होतं आणि माझं कोपर होतं.

"बघ! मला वाटलंच," आनालिया म्हणाली.

"पाठवणार नाही हं मी. पोस्टात काचा फुटतात."

"नको पाठवूस." तिने मागच्या कुंडीतलं एक पान खुडलं. मग म्हणाली, "राहू दे तिथे. येईन तेव्हा घेईन."

"कधी येतेस?"

"बघते गं. जमवते."

फोन बंद झाला. मी नडगी चोळत म्हणालो, "अहो नेलिदाबाई, चष्मा तिच्या डोक्यावर होता!"

"मला दिसत नाही का? मी जन्मभर डोकीच बघितलीत."

"शिवाय ती इथून जाऊन तीन आठवडे झाले. इथे राहिला असता तर एवढे दिवस वाचत कशाने होती?"

"तेच तर!" बाईंनी काटा माझ्यावर रोखला. त्यांच्या आवाजात लिफ्टमधला तो जुना मास्तरणीचा सूर परत आला होता. "डोक्यावर चष्मा आहे, आणि पोरगी तो माझ्या घरात शोधतेय. आता तूच सांग, निसटलं की नाही?"

"पण पाच मिनिटांत सापडेल तो तिला. खाली वाकली की नाकावर येईल."

"येईल ना. मग आणखी पाच मिनिटं ती विचार करत बसेल, आईला का विचारलं म्हणून. मानसशास्त्र शिकलीय."

"आणि मग फोन करून सांगेल, सापडला."

यावर त्यांनी काटा खाली ठेवला. "बघू," म्हणाल्या.

त्या दिवशी फोन आला नाही. सोमवारी आला तो कुंड्यांना कीड लागली म्हणून. बुधवारी नुसताच, आवाज ऐकायला. चष्म्याचं नाव मायलेकींपैकी कुणी काढलं नाही. दर वेळी फोन ठेवला की नेलिदाबाई जिन्यातून वर तोंड करून मला ओरडून सांगायच्या, "अजून नाही सापडला!"

शनिवारी त्यांनी कोट घातला. मला सोबत यायचा हुकूम झाला, कारण मंत्र्यांचं पुस्तक जाड आहे आणि ते खाली ठेवायला दोन माणसं लागतात. मी त्यांना घ्यायला खाली गेलो. त्या आरशासमोर केस फुगवत होत्या. बाजूचं फळकूट स्वच्छ पुसलेलं होतं आणि त्यावर मधोमध एक छोटा टॉवेल चौघडी करून अंथरला होता. दुसरं काही नाही.

त्यांचं आवरेपर्यंत मी हातातली किल्ली तिथे ठेवायला गेलो.

"अरे अरे, तिथे नको," त्या आरशातूनच म्हणाल्या. "तिथे आनालियाचा चष्मा आहे."